उकिरड्यातील वीज

बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात, असे जुनी माणसे म्हणत आली आहेत. शहराचा उकिरडा म्हणजे कचराभूमी. तिचे पांग हल्ली काही ठिकाणी विजेने फिटू लागले आहेत.

भाजीची देठे, शिळे अन्न, पालापाचोळा असे पदार्थ ढिगात खोल गाडले गेले, म्हणजे त्यांना हवा मिळत नाही. हवेवाचून जगणारे सूक्ष्म जंतू मग ते कुजवितात आणि त्यांतून वायू निघतो. त्याचा सुमारे निम्मा भाग मिथेन असतो, आणि मिथेन हा ज्वालाग्राही आहे. ढिगात विहिरीसारखी भोके पाडून त्यांत छिद्रे असलेल्या नळ्या सोडतात, यंत्राने वायू ओढून घेतात, त्यातील ओलावा व गंधकयुक्त अंश काढतात आणि तो इंजिनात जाळतात. इंजिनाला जोडलेले जनित्र फिरते व वीज मिळते. अमेरिकेत लॉस एंजेलिसजवळील प्युएंटे हिल्स येथे कचरा टाकणे २०१३ साली थांबले; तरी त्यानंतरही ढिगातील वायूवर वीज निघत राहिली.

एवढे ऐकून कोणी म्हणेल, 'मग कचरा वाढला तर बिघडले कोठे? वीजही वाढेल!' हा हिशेब फसवा आहे. नळ्यांत शिरण्यापूर्वीच पुष्कळ वायू हवेत निसटतो, आणि शंभर वर्षांच्या मापाने मिथेन हा पृथ्वी तापविण्यात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट प्रभावी आहे. पावसाचे पाणी ढिगातून झिरपून भूजल नासवते, ते निराळेच. शिवाय आगीचे भय असते. मुंबईत देवनारच्या कचराभूमीला जानेवारी २०१६ मध्ये आग लागली, तेव्हा धुराने आसपासच्या वस्त्यांना श्वास घेणे कठीण झाले आणि तेथील शाळाही बंद ठेवाव्या लागल्या. ज्या मुलांनी तो धूर सोसला, त्यांना विजेचा हिशेब कोणत्या तोंडाने सांगावा?

म्हणून जुन्या ढिगांतील वायू अवश्य गोळा करावा. तो फुकट दवडणे हा निव्वळ अविचार होय. परंतु विजेच्या लोभाने नवे ढीग रचू नयेत. ओला कचरा बंद टाकीत कुजविला तर वायू सहसा निसटत नाही आणि मागे खतही उरते. भाभा अणुसंशोधन केंद्राने 'निसर्गऋण' नावाचे असे संयंत्र तयार केले आहे. मात्र या टाकीला प्लास्टिक, काच, चिंध्या चालत नाहीत. ती निवड टाकीच्या तोंडाशी करू म्हटल्यास फार अवघड जाते. स्वयंपाकघरात दोन डबे ठेवले, की ते काम क्षणाचे असते.