पंधरा मिनिटांची सोवळी परीक्षा

आमच्या महाविद्यालयांतून तासिका तत्त्वावर शिकविणाऱ्या बौद्ध तरुणाची कहाणी आता वाचकांस नवी राहिलेली नाही. पावसाळ्यात नेमणुकीचे पत्र, उन्हाळ्याच्या तोंडाशी कार्यमुक्ती आणि पुढल्या वर्षी त्याच जागेसाठी पुन्हा अर्ज! तो वर्ग घेतो, उत्तरपत्रिका तपासतो, गैरहजर प्राध्यापकांचे तासही निभावून नेतो. या काळात त्याच्या योग्यतेविषयी कोणासही शंका येत नाही. परंतु तीच राखीव जागा कायमची भरावयाची म्हटली, की त्यास निवड समितीपुढे पंधरा मिनिटे बसवितात आणि ‘योग्य उमेदवार आढळला नाही’ असा शेरा मारून मोकळे होतात. जागा रिकामी राहते, आणि जुलैत त्याच ‘अयोग्य’ माणसास त्याच वर्गावर, तासाच्या मोलाने, पुन्हा बोलाविण्यात येते!

आमचा सवाल साधा आहे. आठ वर्षे जो चालला तो पंधरा मिनिटांत अपात्र कसा झाला? समिती उत्तर देत नाही, कारण तिने ते दिलेच पाहिजे असा धाक तिला नाही.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीने सहायक प्राध्यापकाच्या पदव्या, संशोधन व अनुभव यांचे गुण मुलाखतीस बोलाविण्यापुरतेच मोजले आणि अखेरची निवड केवळ मुलाखतीवर सोपविली. याच देशात केंद्र सरकारने १ जानेवारी २०१६ पासून आपल्या कनिष्ठ पदांच्या मुलाखती बंद केल्या, कारण तोंडी परीक्षेत वशिला शिरतो. सर्वोच्च न्यायालयानेही १९८० साली अजय हासिया खटल्यात, महाविद्यालयीन प्रवेशासाठी एक तृतीयांश गुण मुलाखतीस ठेवणे मनमानीचे ठरविले होते. कारकुनाच्या निवडीत जो वशिला घातक, तो प्राध्यापकाच्या निवडीत निरुपद्रवी कसा?

गुणवत्तेचे कैवारी म्हणतील, तुम्हांस कसोटीचे भय वाटते. मुळीच नाही. कसोटी हवी असेल तर त्याने शिकविलेल्या विद्यार्थ्यांचे निकाल पाहा, त्याच्या वर्गात जाऊन बसा. परंतु ‘मूळ गाव कोणते’, ‘आडनाव कुठले’ हे प्रश्न अर्थशास्त्राच्या ज्ञानाची परीक्षा नव्हेत. ती जातीची चौकशी होय. १९५६ साली आम्ही धम्म स्वीकारला म्हणून केंद्राने अनुसूचित जातींच्या सवलती आम्हांस नाकारल्या. तो अन्याय दूर करणारा कायदा १९९० साली झाला. तेव्हा कागदावर अडविले, आता टेबलापलीकडून अडवितात.

आणि आमचे स्वतःचे काय? अर्जदारांत मागासवर्गीय असल्यास समितीवर त्या वर्गाचा प्रतिनिधी असावा, असे तीच नियमावली सांगते. तो प्रतिनिधी पुष्कळदा आमचाच असतो. चहा घेतो, सही करतो, प्रवासभत्ता घेऊन घरी जातो. १८ मार्च १९५६ रोजी आग्रा येथे शिकलेल्यांविषयी बाबासाहेबांनी जी व्यथा बोलून दाखविली, ती या गृहस्थांस ठाऊक नाही असे नाही.

न्यायालयाचा २००६ चा उमादेवी निकाल सदैव आमच्या तोंडावर फेकला जातो, की केवळ दीर्घ सेवेने कायम होण्याचा हक्क मिळत नाही. परंतु २० डिसेंबर २०२४ रोजी जग्गो खटल्यात त्याच न्यायालयाने केंद्रीय जल आयोगातील सफाई व बागकाम करणाऱ्या जुन्या कामगारांस कायम करण्याचा आदेश दिला, आणि उमादेवी निकालाचा असा गैरवापर खपणार नाही, असे बजावले. झाडूवाल्या भगिनी न्यायालयापर्यंत गेल्या. आमचे पदवीधर शेरा वाचून घरी बसतात!

म्हणून आमची मागणी अशी: तात्पुरत्या सेवेस अखेरच्या निवडीत गुण मिळावेत, मुलाखतीच्या गुणांस कडक मर्यादा असावी, आणि राखीव जागेवरील प्रत्येक नकाराची कारणे लेखी नोंदविली जावीत. तोवर तरुणांनी माहिती अधिकाराचा दहा रुपयांचा अर्ज करावा. आपल्या महाविद्यालयाची बिंदुनामावली मागवावी, समितीने दिलेले गुण मागवावेत, आणि कोणती राखीव जागा किती वेळा ‘योग्य उमेदवार नाही’ म्हणून रिकामी ठेवली, याचा वर्षवार तक्ता करून तो आपल्या प्रतिनिधीच्या घरी नेऊन द्यावा.