लिफ्ट घेताय? आधी लॉक बघा

घरच्या शेडमध्ये टू-व्हीलर गॅरेज सुरू करायचं, की पहिला प्रश्न येतो, "सर, हायड्रॉलिक लिफ्ट घेऊ का?" कर्ज काढून तर नकोच. स्प्लेंडर, अ‍ॅक्टिव्हाला डबल स्टँड असतोच. ऑइल, चेन, ब्रेकची कामं त्यावर होतात. ज्या बाइकला तो नाही, तिला पॅडॉक स्टँड घ्या. दिवसभर वाकून कंबर धरायला लागली, की मग लिफ्ट जरूर घ्या. पण किती किलो उचलते एवढंच विचारू नका. क्लासिक ३५० सुमारे १९५ किलोची! सील गळलं की तेलाचा दाब जातो, टेबल खाली बसतं. तेव्हा गाडी आणि तुमचा हात वाचवते ती लोखंडी लॉक पिन. दुकानदार ती लावून दाखवत नसेल तर सरळ उठून या, कितीही स्वस्त देऊ दे.