रोपांच्या ताटलीतलं पाणी आणि दोन घटका



उन्हाळा आला की मंदिरात दर्शन झाल्यावर पायरीवर बसून आपल्या गप्पा होतात, त्यात एक विषय हमखास असतो. "मिरची पेरली होती गं, उगवलीसुद्धा छान, आणि एका रात्रीत सगळी आडवी झाली. पाणी तर रोज घालत होते!" माझं मत स्पष्ट सांगते. रोज घालत होता, म्हणूनच गेली असतील. घरात वाढवलेली रोपं जेवढी तहानेनं मरतात, त्याहून जास्त आपल्या मायेनं बुडून मरतात. आणि ताटलीत साचलेलं ते पाणी नुसतं रोपांपुरतं राहत नाही. हे मी स्वतःच्या चुकीतून शिकले.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. एप्रिलच्या शेवटी मिरची आणि झेंडू पेरला होता. मिरचीचं रोप पाच-सहा आठवड्यांत लावणीला येतं, म्हणजे मृगाचा पाऊस पडला की गच्चीतल्या कुंड्यांत लावता येतं. रोपं बोटभर झाली आणि माहेरच्या गावी पंचकल्याणक पूजा निघाली. चार दिवस जायचं होतं. रोपं सुकतील म्हणून मी सगळे कप एका परातीत ठेवले आणि परात काठोकाठ पाण्यानं भरून गेले. शहाणपणा केला असंच वाटत होतं.

परत येऊन बघते तर अर्धी रोपं बुडाशी काळी पडून आडवी झालेली. शेतकरी याला मर म्हणतात. कायम ओल्या मातीत बुरशी वाढते आणि कोवळा देठ मातीलगतच कुजतो. पण मला हादरा बसला तो परातीकडे बघून. पाण्यात डासांच्या अळ्या वळवळत होत्या. शेकड्यानं असतील.

आता काय करायचं सांगा. मोरीत ओतायला हात धजेना. तशीच ठेवावी, तर आठवड्याच्या आत त्यांचे डास होणार, आणि वरच्या मजल्यावर चार महिन्यांचं बाळ. शेवटी परात उचलून मागच्या ओढ्यापर्यंत नेली आणि हळूच रिकामी केली. तिथं मासे होते की काय, त्या अळ्यांचं पुढं काय झालं, मला माहीत नाही. सुटले असं काही वाटलं नाही. संध्याकाळी सामायिकाला बसले, तर मन तिथंच. अळ्या झाल्यावर कसंही वागलं तरी दोष होताच. टाळायची वेळ चार दिवस आधी होती, मी परात भरत होते तेव्हाची.

आपण पिण्याचं पाणी दुहेरी कापडातून गाळतो, जिवाणी जपून परत पाण्यात सोडतो. गाळलेल्या पाण्याची मर्यादा दोन घटका, म्हणजे ४८ मिनिटं, हे लहानपणापासून पाठ आहे. आणि तीच मी ताटलीतलं पाणी चार दिवस साचवून ठेवत होते! त्या दिवसापासून रोपांनाही तोच नियम लावला. ताटलीत पाणी दोन घटकांपेक्षा जास्त ठेवायचं नाही. गंमत म्हणजे रोपांनाही तेवढंच लागतं.

आता बी कसं चालतं ते बघा. कोरडं बी महिनोन् महिने पुडीत निवांत असतं. एकदा पाणी पिऊन फुगलं आणि आत कोंब हलला, की त्याला मागं फिरता येत नाही. तेव्हा माती वाळली, तर कोंब आतच मरतो. म्हणून उगवेपर्यंत ओल मोडता कामा नये. पण ओल म्हणजे चिखल नव्हे. मुळांना हवाही लागते. पिळून घेतलेल्या फडक्याइतकी ओली माती बास.

यासाठी बाजारातले महागडे संच घ्यायची काहीच गरज नाही. मी असं करते:

दह्याचे रिकामे कप घ्यायचे. दाभण गॅसवर तापवून बुडाला चार-पाच भोकं पाडायची. कागदी कप टाळा, ते ओल शोषून बाहेर उडवतात. मातीच्या पणत्या-बोळक्यांचंही तसंच, मे महिन्यात दुपारपर्यंत कोरड्या ठाक होतात.

कपात भिजवून पिळलेलं कोकोपीट भरायचं. एक वीट आणली की दोन हंगाम पुरते. खत घालू नका. पहिली खरी पानं येईपर्यंत बी आपलीच शिदोरी खातं. हाडांचं खत तर आपल्या घरात यायलाच नको, पिशवीवरचं वाचून घेत जा.

पेरल्यावर वर मिठाईच्या खोक्याचं पारदर्शक झाकण ठेवायचं. आतली वाफ आतच राहते, मग तीन-चार दिवस पाण्याकडे बघावंही लागत नाही. सकाळ-संध्याकाळ थोडा वेळ उघडून हवा द्यायची. झेंडू चार-सात दिवसांत उगवतो. मिरचीला दहा-बारा दिवस लागतात, कधी जास्तही, तेव्हा धीर सोडून उकरून बघू नका. कोंब दिसला की झाकण काढायचं आणि कप उजेडात आणायचे, पण पंख्याखाली नाही आणि पश्चिमेच्या तापलेल्या खिडकीतही नाही.

पाणी वरून ओतायचं नाही. ताटलीत बोटाच्या एका पेराएवढं गाळलेलं पाणी घ्यायचं आणि कप त्यात ठेवायचे. वीस-तीस मिनिटांत ओल खालून वर चढते, कोकोपीट गडद दिसू लागतं. कप उचलायचे, उरलेलं पाणी लगेच तुळशीला घालायचं, ताटली पुसून पालथी. पुन्हा पाणी कधी द्यायचं, ते कप हातात घेऊन ठरवायचं. हलका लागला आणि वरचा थर फिका दिसला, तरच. दोन-तीन दिवसांत हाताला वजन कळायला लागतं.

तांदूळ धुतलेलं पाणी मोठ्या झाडांना घाला, कोवळ्या रोपांना नको. पेजेनं बुरशी आणि चिलटं येतात. चिलटं दिसलीच, तर फवारणीचा विचारही न करता वर कोरड्या वाळूचा अर्धा इंच थर द्या आणि पाणी खालूनच देत राहा. वरचा थर कोरडा राहिला की ती तिथं अंडी घालत नाहीत.

परगावी जायचं असेल तर? एक-दोन दिवस झाकणाखाली सावलीत निभतं. जास्त दिवस असतील, तर कप शेजारणीकडे द्या, किंवा परत आल्यावर पेरा. सुताची वात लावून बाटलीतून पाणी देण्याची युक्ती पुष्कळ जणी करतात. मी करत नाही. साचलेलं पाणी ते साचलेलंच.

आमच्या सासूबाईंचं म्हणणं वेगळं आहे. "एवढा जीव घाबरतो, तर पेरतेस कशाला? बाजारातून मिरची आण." त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे, आणि ज्यांनी तसा नियम घेतलाय त्यांना माझा नमस्कार. पण भगवान आदिनाथांनीच लोकांना कृषी शिकवली, आणि आपल्या सांगली-कोल्हापूरकडचा कितीतरी जैन समाज आजही शेतकरीच आहे. बाजारची मिरची औषधं मारून येते, तो दोष दिसत नाही एवढंच. आरंभी हिंसा गृहस्थाला पूर्ण सुटत नाही, ती कमी करत नेणं मात्र आपल्या हातात आहे. विनाकारण माती उकरणं, पाणी सांडणं याला शास्त्रात प्रमादचर्या म्हटलंय, अनर्थदंडाचा एक प्रकार. माझी ती भरलेली परात म्हणजे सरळसरळ प्रमाद होता.

म्हणून माझं मत एवढंच. पेरायचं असेल, तर जेवढ्या कपांकडे रोज लक्ष देता येईल तेवढेच पेरा. मी आता बारा पेरते, पूर्वी चाळीस पेरत होते. गेल्या वर्षी बारापैकी दहा रोपं गच्चीवर गेली, आणि सासूबाईंनी पहिली हिरवी मिरची स्वतः तोडून आमटीत घातली. बोलल्या काही नाहीत.

लिहिण्यात काही चुकलं असेल, कुणाचं मन दुखावलं असेल, तर मिच्छामि दुक्कडं.

जय जिनेंद्र.