पंप घेण्याआधी

गेल्या पावसाळ्यात एका सकाळी सहा दिवसांच्या बाळाला घेऊन दोघीजणी दवाखान्यात आल्या. ओली बाळंतीण आणि तिची आई. मुलगी पहिल्या बाळंतपणासाठी बांद्याला माहेरी आलेली होती. आईच्या हातातील पिशवीत दोन वस्तू होत्या. एक, जावयाने प्रसूतीच्या आधीच मागवून ठेवलेला विजेवरचा ब्रेस्ट पंप. दुसरी, आदल्या संध्याकाळी आणलेला, अद्याप न उघडलेला दुधाच्या पावडरीचा डबा. बसण्यापूर्वीच आई म्हणाली, ‘‘डॉक्टरानु, हिच्या अंगार दूदच नाय. मशीन लावून बघला, दोनी बाजू मिळान पंधरा मिली.’’

मी पंपाकडे न पाहता विचारले, ‘‘वयनी, कालपासून झिलान किती लंगोट भिजवल्यान?’’

‘‘सात-आठ तरी भिजवल्यान.’’

बाळाला तपासले, वजन केले. जन्माच्या वेळी ते २ किलो ९०० ग्रॅम होते. आता २ किलो ७७० भरले. शी पिवळी होऊ लागली होती. अंगावर घेतल्यावर बाळ गिळत असल्याचा आवाज स्पष्ट ऐकू येत होता. थोडक्यात, बाळ पुरेसे दूध पीत होते. दूध कमी आहे असे त्या घरात फक्त पंप सांगत होता, आणि त्याच्यावरच सर्वांचा विश्वास बसला होता. कोपऱ्यात बसलेली ती मुलगी मात्र एखादा अपराध केल्यासारखी मान खाली घालून होती.

अलीकडे गर्भवती स्त्रिया सातव्या-आठव्या महिन्यात मला विचारतात, ‘‘डॉक्टर, कोणता पंप घेऊ?’’ प्रश्न योग्य आहे, पण त्याआधी आणखी एका प्रश्नाचे उत्तर द्यावे लागते: पंप कशासाठी हवा आहे? बाळ आणि आई दिवसभर एकत्र असतील, बाळ नीट ओढत असेल, तर पहिले काही महिने पंपाची गरज नसते. पंप हा आईच्या अनुपस्थितीत उपयोगी पडणारा मदतनीस आहे. दूध मोजण्याचे ते माप नव्हे. बाळाचे तोंड, त्याची ऊब, त्याचा स्पर्श यांनी पान्हा जसा फुटतो, तसा प्लॅस्टिकच्या नरसाळ्याने फुटत नाही. त्यातच मन धास्तावलेले, चार माणसे भोवती उभी आणि छाती दुखत असली तर तो आणखी अडतो. म्हणून पंपात आलेल्या दुधावरून अंगात किती दूध आहे याचा अंदाज बांधणे चूक आहे.

मग दूध पुरते आहे हे कसे ओळखावे? पाचव्या दिवसानंतर चोवीस तासांत सहा किंवा अधिक वेळा स्वच्छ, फिक्या रंगाची लघवी, पिवळी, मऊ शी, पाजल्यानंतर बाळाचे सैल, समाधानी हात, आणि वजन. पहिल्या काही दिवसांत बाळाचे वजन थोडे उतरते, ही स्वाभाविक गोष्ट आहे. साधारण दहा ते चौदा दिवसांत ते जन्मवजनावर परत यावे. वजन दहा टक्क्यांच्या आसपास उतरले, बाळ सुस्त झाले, लघवी कमी झाली किंवा अंग पिवळे दिसू लागले, तर मात्र वाट न पाहता डॉक्टरांकडे जावे. अशा वेळी वरचे दूध देण्याचीही गरज पडू शकते. तो निर्णय तपासणीनंतर घ्यावयाचा असतो.

बाळंतपणाआधीची तयारी

खरी तयारी दुकानात नव्हे, घरात आणि मनात होते. प्रसूती जिथे होणार तिथल्या डॉक्टरांना आणि परिचारिकांना आधीच सांगून ठेवावे की बाळाला पहिल्या तासात माझ्या छातीवर द्या. शस्त्रक्रियेने प्रसूती झाली तरी बहुतेक वेळा हे शक्य असते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत असे दिसले की आपल्या देशात जन्मानंतरच्या पहिल्या तासात स्तनपान सुरू झालेल्या बालकांचे प्रमाण ४१.८ टक्के होते. आता बहुसंख्य प्रसूती रुग्णालयांत होत असूनही निम्म्याहून अधिक बाळांचा तो पहिला तास हातचा जातो.

पहिले दोन-तीन दिवस जो घट्ट, पिवळसर चीक येतो, तो पिळून टाकू नये. तो थोडाच असतो, आणि थोडाच हवा असतो. पहिल्या दिवशी बाळाला एका वेळेस चमचाभरही पुरतो. मध, गूळपाणी, घुटी यांतील काहीही बाळाला चाटवू नये. मधातून एक वर्षाखालील मुलांना गंभीर विषबाधा होऊ शकते. दूध भरून येण्यास दोन ते पाच दिवस लागतात, शस्त्रक्रियेनंतर किंचित अधिक. या काळात दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा पाजणे हेच दूध वाढवण्याचे औषध आहे. आळिवाची खीर, डिंकाचे लाडू जरूर खावेत, त्यांनी आईला बळ मिळते. पण दूध वाढते ते बाळाने ओढल्यामुळे. बाळंतिणीला पाणी कमी देणे, भाज्या बंद करणे असले पथ्य नको. तिला नेहमीपेक्षा अधिक अन्न लागते, आणि तहान लागेल तितके पाणी.

गरोदरपणी स्तनाग्रे ओढणे, खरखरीत कापडाने घासणे, पंप लावून पाहणे हे प्रकार टाळावेत. स्तनाग्रे आत गेलेली वाटत असल्यास तपासून घ्यावे. तशा बहुतेक स्त्रियाही योग्य मदतीने व्यवस्थित पाजू शकतात. पाजताना बाळाचे तोंड मोठे उघडलेले असावे, केवळ स्तनाग्र नव्हे तर भोवतीचा काळसर भागही तोंडात जावा, हनुवटी स्तनाला टेकलेली असावी. तडे पडतात, वेदना होतात, त्याचे कारण बहुधा बाळाची पकड चुकलेली असते.

प्रत्येक आईने शिकावी अशी आणखी एक गोष्ट म्हणजे हाताने दूध काढणे. हात स्वच्छ धुवावेत. अंगठा वर आणि बोटे खाली, काळसर भागाच्या कडेच्या किंचित मागे ठेवावीत. आधी छातीच्या दिशेने हलके दाबून मग बोटे एकमेकांकडे आणावीत आणि सोडावीत. त्वचेवरून बोटे घासत नेऊ नयेत. पहिल्या दिवसांतील दाट चीक काढण्यास पंपापेक्षा हातच बरा. शिवाय पावसाळ्यात आपल्याकडे वीज किती वेळ जाईल हे कोणालाच सांगता येत नाही. हाताला विजेची वाट पाहावी लागत नाही.

पंप केव्हा आणि कोणता

काही बाळांच्या आयांना मात्र पहिल्या दिवसापासून दूध काढावेच लागते. बाळ मुदतपूर्व जन्मले, त्याला ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात किंवा बांबोळीला नवजात कक्षात ठेवावे लागले, तर आईने शक्य तितक्या लवकर, जन्मानंतरच्या पहिल्या काही तासांतच दूध काढण्यास आरंभ करावा आणि रात्र धरून दिवसातून आठ वेळा काढावे. अशा बाळांसाठी आईचे दूध औषधासारखे काम करते. मुंबईच्या शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली आशियातील पहिली मातृदुग्धपेढी सुरू केली ती याच जाणिवेतून. ज्या बाळाला स्वतःच्या आईचे दूध मिळू शकत नाही त्याला इतर मातांनी दिलेले, तपासलेले आणि ६२.५ अंश सेल्सिअसवर अर्धा तास तापवून निर्जंतुक केलेले दूध तेथे मिळते. घरच्या घरी शेजारणीचे दूध परस्पर देणे ही वेगळी गोष्ट आहे. तसे करू नये.

दुसरे कारण नोकरीचे. बांद्यातून रोज सीमा ओलांडून पेडणे, म्हापसा, मोपाकडे कामाला जाणाऱ्या मुली आता पुष्कळ आहेत. कायद्याने पहिल्या दोन अपत्यांसाठी सव्वीस आठवड्यांची भरपगारी रजा आहे. २०१७ च्या दुरुस्तीने ती बारा आठवड्यांवरून वाढली. पण एक हिशेब लक्षात घ्यावा. यांतील आठ आठवड्यांपर्यंतची रजा प्रसूतीपूर्वी घेता येते. जी पाच आठवडे आधी रजेवर गेली, ती कामावर परतते तेव्हा बाळ एकवीस आठवड्यांचे, म्हणजे पाच महिन्यांहूनही लहान असते. सहा महिने केवळ आईचे दूध द्यावयाचे तर मधल्या महिन्याभराची सोय करावीच लागते. तिथे पंप खरा उपयोगी. मूल पंधरा महिन्यांचे होईपर्यंत दिवसातून दोन स्तनपान-विश्रांती देण्याची तरतूद १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यात होती आणि २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती कायम आहे. मागण्यास संकोच करू नये. हा वेळ दूध काढण्यासाठी मिळावा, असे कामाच्या ठिकाणी आधीच बोलून घ्यावे.

क्वचित, आठवड्यातून एकदोनदा बाहेर जावे लागत असेल तर हाताने दाबण्याचा साधा पंप पुरतो. तो स्वस्त असतो आणि प्रवासात सोपा. रोज आठ-दहा तास बाहेर राहणारीने दोन्ही बाजूंचे दूध एकदम काढणारा, चार्ज करून वापरता येणारा विजेवरचा पंप घ्यावा. वेळ जवळजवळ निम्मा लागतो. दूध मोटरच्या नळीत शिरणार नाही अशी आडवी पडदी असलेला, म्हणजे ‘क्लोज्ड सिस्टिम’चा पंप निवडावा. रबरी फुगा दाबून ओढण्याचा जुना पंप मुळीच घेऊ नये. त्याचा ताण आवरता येत नाही आणि फुगा आतून स्वच्छ होत नाही. दुसरीने वापरलेला पंपही टाळलेला बरा.

सर्वांत दुर्लक्षित भाग म्हणजे स्तनावर बसणारे नरसाळे. पेटीतून येणारे माप प्रत्येकीला जमतेच असे नाही. स्तनाग्राच्या रुंदीपेक्षा नरसाळ्याची नळी दोन-तीन मिलिमीटर मोठी असावी. दूध काढताना दुखत असेल, स्तनाग्र पांढरे पडत असेल, तर माप चुकले आहे किंवा ओढ जास्त आहे. जितकी ओढ अधिक तितके दूध अधिक, हा समज खोटा आहे.

काढलेले दूध

पंचवीस अंशांपर्यंतच्या तापमानात काढलेले दूध चार तास राहते. आपल्याकडच्या एप्रिल-मे महिन्यांत स्वयंपाकघर तेवढे थंड नसते, म्हणून दोन तासांच्या आत वापरावे किंवा फ्रिजमध्ये ठेवावे असे मी सांगतो. फ्रिजमध्ये ते चार दिवसांपर्यंत टिकते, मात्र दारात न ठेवता आत मागच्या बाजूस ठेवावे. वीज वारंवार जात असल्यास एका दिवसातच संपवावे. बर्फाच्या पिशव्या घातलेल्या बंद पेटीत चोवीस तास राहते, त्यामुळे कामावरून घरी आणणे अवघड नाही. डब्यावर तारीख व वेळ लिहावी. कोमट पाण्यात भांडे ठेवून दूध कोमट करावे. गॅसवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये नव्हे. बाळाने अर्धवट प्यालेले दोन तासांनंतर टाकून द्यावे.

पाजण्यासाठी बाटलीऐवजी वाटी-चमचा किंवा आपले जुने बोंडले वापरावे. ते धुण्यास सोपे आणि बाळाची अंगावरची पकडही बिघडत नाही. पंपाचे दूध लागणारे भाग प्रत्येक वेळी स्वतंत्र भांड्यात साबणाने धुवावेत, दिवसातून एकदा पाच मिनिटे उकळावेत आणि कापडाने न पुसता वाळू द्यावेत.

स्तन लाल, कडक झाला आणि ताप आला तर पाजणे थांबवू नये. जोराने चोळू नये, पंपाने पुन्हा पुन्हा उपसूही नये. थंड पट्ट्या ठेवाव्यात आणि चोवीस तासांत उतार न पडल्यास डॉक्टरांना दाखवावे.

त्या मुलीला मी त्या दिवशी इतकेच सांगितले की पंप पेटीत ठेवा, डबा दुकानात परत करा आणि आठ दिवसांनी वजनाला या. बाराव्या दिवशीच बाळाने जन्मवजन ओलांडले होते. पुढे कामावर परतण्याच्या तीन आठवडे आधी ती पुन्हा आली, तेव्हा पिशवीत तोच पंप होता. नरसाळे बदलून घेतले, सकाळच्या पहिल्या पाजण्यानंतर एकदा दूध काढण्याची सवय लावली. दहा तासांच्या गैरहजेरीत साधारण तीनशे मिलिलिटर दूध लागेल असा हिशेब केला. पहिल्या दिवशी चाळीसच मिळाले. या वेळी मात्र ती घाबरली नाही. आजीने बोंडल्याने पाजायला शिकून घेतले. बाळ सहा महिने पूर्ण करून पेज-भाताच्या उष्टावणापर्यंत आईच्याच दुधावर राहिले.

म्हणून घरातील वडीलधाऱ्यांना माझी विनंती आहे. बाळंतीण पंप लावून बसली असेल तेव्हा बाटलीकडे पाहून ‘एवढेच?’ असे म्हणू नका. तिच्याजवळ पाण्याचा तांब्या ठेवा, आणि ओले लंगोट मोजा.