वकट, लेंड, मूंड आणि आपले सोवळे कान

विटीदांडूतील 'वकट, लेंड, मूंड, नाल' ही पोरांची निरर्थक बडबड, असे आपल्यातले कैक प्राध्यापक मानतात. त्यांनी देगलूरपलीकडची शीव ओलांडावी : ओकटी, रेंडू, मूडू, नालुगु, हे तर तेलुगूतले एक ते चार! आणि हीच गणती पुण्याच्या अंगणातही चाले. मग शुद्ध मराठी कुठली?

सोंगट्यांच्या फाशांवर एक आणि बारा पडले की पोबारा. तो सट्टीचा शब्द पुढे वाक्प्रचार होऊन प्रमाण भाषेत प्रतिष्ठित झाला. खेळगड्यांची खूणभाषा शिष्टांना अशी चालते, फक्त तिचे मूळ विसरल्यावर.

नांदेड-लातूरचा विद्यार्थी वर्गात घरचे शब्द गिळतो आणि आपण त्याला संस्कार म्हणतो. त्यापेक्षा प्रकल्पासाठी त्याला आजोबांकडे पाठवा. खेळ मोडलाच आहे. निदान शब्द तरी उतरवून घेऊ.