राष्ट्राध्यक्षपदानंतरचा ॲडम्स

राजकीय घराण्यांची चर्चा करताना वारस किती उंच चढला, एवढेच आपण मोजतो. जॉन क्विन्सी ॲडम्स यांची खरी कारकीर्द मात्र शिखरावरून उतरल्यानंतर सुरू झाली, असे माझे मत आहे.

वडील जॉन ॲडम्स अमेरिकेचे दुसरे राष्ट्राध्यक्ष. पुत्र सिनेटर, परराष्ट्रमंत्री आणि १८२५ मध्ये सहावे राष्ट्राध्यक्ष. पुढच्याच निवडणुकीत पराभव. घराण्याला शोभेल अशी निवृत्ती समोर असताना ते १८३० मध्ये प्रतिनिधिगृहावर निवडून आले आणि मृत्यूपर्यंत तेथेच राहिले.

त्या सभागृहात गुलामगिरीविरोधी अर्जांचे गठ्ठे येत. १८३६ मध्ये ठराव झाला, की असे अर्ज चर्चा न करता बाजूला सारावेत. हाच तो 'गॅग रूल', मुस्कटदाबीचा नियम. ॲडम्स यांनी त्याला नागरिकाच्या अर्ज करण्याच्या हक्कावरील घाला ठरवले.

फेब्रुवारी १८३७ मध्ये त्यांनी सभापतींना साळसूदपणे विचारले : खुद्द गुलामांच्या नावाने आलेला अर्ज या नियमात बसतो काय? दक्षिणेकडील सदस्य खवळले. निषेध करा, हाकला, असा गदारोळ उठला. तो पुरेसा माजल्यावर ॲडम्स यांनी सांगितले, की या अर्जात गुलामगिरी रद्द न करण्याची विनंती आहे! आत काय लिहिले आहे, हे कोणी विचारलेच नव्हते. (म्हातारा खट्याळही होता.)

१८४२ मध्ये पुन्हा निषेधाचा ठराव आला, तेव्हा बचावासाठी त्यांनी स्वातंत्र्याचा जाहीरनामा वाचायला लावला. तो तयार करणाऱ्या समितीत त्यांचे वडील होते. घराण्याचा वारसा इतक्या नेमक्या जागी वापरलेला मी क्वचितच पाहिला आहे. ठराव बारगळला. अखेर ३ डिसेंबर १८४४ रोजी १०८ विरुद्ध ८० मतांनी तो नियमच रद्द झाला.

कौतुकाच्या भरात एक गोष्ट झाकू नये. १८२० मध्ये रोजनिशीत गुलामगिरीवर कठोर शब्दांत लिहिणारे ॲडम्स परराष्ट्रमंत्री आणि राष्ट्राध्यक्ष असताना जाहीरपणे बहुतांशी गप्पच होते. सत्ता हाती असतानाचे ते मौन मला आजही खटकते.

२१ फेब्रुवारी १८४८. मेक्सिको युद्धातील अधिकाऱ्यांच्या गौरवाच्या प्रस्तावाला 'नाही' म्हणून झाल्यावर थोड्याच वेळात ते आपल्या जागी कोसळले. दोन दिवसांनी संसद भवनातच, सभापतींच्या दालनात, त्यांचे निधन झाले. त्या सभागृहाच्या सदस्यांत इलिनॉयचा एक नवखा प्रतिनिधी होता, अब्राहम लिंकन.