वाटणी झाली, पण विहीर कोणाकडे?



घरात वाटणीची भाषा सुरू झाली की दोन्ही भाऊ हिशेब मांडून बसतात. थोरला म्हणतो, एकत्र राहिलो तरच बैलजोडी परवडेल. धाकटा म्हणतो, वेगळा झालो तर माझ्या घामाचे माझ्या पोरांना मिळेल. कागदावर दोघांचेही हिशेब बरोबर दिसतात. खरे प्रश्न मागाहून निघतात. विहीर कोणाच्या वाट्याला? गाडीवाट कोणाच्या बांधावरून? सोसायटीचे कर्ज कोणाच्या नावावर?

हाच तंटा ब्रिटनसारख्या देशाने सगळ्या जगासमोर घातला. १९७३ साली तो युरोपच्या सामायिक बाजारात गेला. या बाजाराचा पुढे युरोपीय संघ झाला. आतल्या देशांत जकात नाही, बाहेरच्या मालावर सगळ्यांची जकात एकच, आणि शेतीचे धोरणही सामायिक. २३ जून २०१६ रोजी ब्रिटनने जनमत घेतले. ५१.९ टक्के लोकांनी बाहेर पडण्याच्या बाजूने मत दिले, ४८.१ टक्के लोकांनी राहण्याच्या बाजूने. आता दहा वर्षे होत आली, तरी फायदा झाला की तोटा यावरचे भांडण मिटलेले नाही.

साहेबाच्या घरची भाऊबंदकी आपण कशाला उगाळायची, असे कोणी म्हणेल. उगाळायची, कारण या भांडणात दोन्ही बाजूंनी शेतकऱ्याला साक्षीला उभे केले आणि निकाल लागल्यावर त्याला बाहेरच्या ओट्यावर बसवले.

आकड्यांची लढाई

राहण्याच्या बाजूने खुद्द ब्रिटनचे अर्थखाते उतरले. एप्रिल २०१६ मध्ये त्याने जाहीर केले की बाहेर पडलो तर २०३० पर्यंत राष्ट्रीय उत्पन्न ६.२ टक्क्यांनी कमी राहील आणि दर कुटुंबामागे वर्षाला ४३०० पौंडांचा फटका बसेल. या आकड्याचा अर्थ नीट समजून घ्या. आजच्या उत्पन्नातून ४३०० पौंड कापले जातील असे तो म्हणत नव्हता. राहिलो असतो तर जेवढे मिळाले असते, त्यापेक्षा तेवढे कमी मिळेल, असे म्हणत होता. आपल्याला हा हिशेब नवा नाही. उणे सबसिडी म्हणजे तरी काय? खुल्या बाजारात जो भाव मिळाला असता आणि जो हातात पडला, त्यातली तूट. ती खिशातून कोणी चोरलेली दिसत नाही, पण असते खरी. ब्रिटनच्या सामान्य माणसाला मात्र हे कोणी फोड करून सांगितले नाही.

वर याच खात्याने महिनाभरात दुसरे भाकीत केले. मत विरोधात गेले तर लगेच मंदी येईल आणि पाच लाख लोकांचे काम जाईल, असे ते होते. पौंड घसरला, पण मंदी आली नाही आणि बेकारी उलट घटली. अशाने लांडगा आला रे आला अशी गत झाली. दूरच्या पल्ल्याचा जो हिशेब बराचसा खरा होता, त्यावरचाही विश्वास उडाला.

दुसऱ्या बाजूने एक लाल बस फिरवली. आपण युरोपला आठवड्याला ३५ कोटी पौंड देतो, ते दवाखान्यांना देऊ, असे तिच्यावर लिहिले होते. त्या देशाच्या सांख्यिकी प्राधिकरणाने हा आकडा दिशाभूल करणारा ठरवला. ब्रिटनला मिळणारी सूट आधीच वजा होत असे, आणि उरलेल्या रकमेतलाही मोठा भाग परत येत असे. परत येणाऱ्या त्या पैशात शेतकऱ्यांचे अनुदान होते. म्हणजे दवाखान्याला द्यायच्या पैशात शेतकऱ्याचाही पैसा मोजला होता!

याच बाजूचे अर्थशास्त्री पॅट्रिक मिनफर्ड यांच्या गटाने सांगितले की सगळ्या जकाती उठवल्या तर राष्ट्रीय उत्पन्न ४ टक्क्यांनी वाढेल. या गणिताचा एक मोठा आधार म्हणजे बाहेरून येणारे स्वस्त अन्न. आता अन्न स्वस्त व्हायचे, तर घरच्या शेतकऱ्याचा भाव पडणारच. पण याच छावणीत असलेले तेव्हाचे शेतीमंत्री जॉर्ज युस्टिस शेतकऱ्यांना ग्वाही देत होते की बाहेर पडल्यावरही सरकारची मदत चालू राहील. एकाच झेंड्याखाली शहराला स्वस्त धान्याचा शब्द आणि खेड्याला अनुदानाचा शब्द. हे दोन्ही शब्द एकदम कसे पाळले जाणार, हे विचारणारे थोडे निघाले. तिथल्या राष्ट्रीय शेतकरी संघटनेच्या कौन्सिलने राहण्यातच शेतकऱ्याचे हित असल्याचा ठराव केला. तरी भाजीपाल्याच्या शेतीसाठी प्रसिद्ध असलेल्या लिंकनशायरमधल्या बोस्टन भागात ७५.६ टक्के मते बाहेर पडण्याच्या बाजूने पडली.

शेतकऱ्याच्या पदरी काय पडले?

३१ जानेवारी २०२० रोजी ब्रिटन बाहेर पडला आणि २०२० अखेर जुनी व्यवस्था संपली. त्यानंतरचा शेतकऱ्याचा जमाखर्च असा आहे.

बाजार. युरोपशी करार झाला, जकात लागली नाही. पण मटण, दूध, चीज युरोपात पाठवायचे तर पशुवैद्याच्या सहीचा दाखला, तपासणी आणि कागदांचा गठ्ठा आला. मोठ्या कंपनीने त्यासाठी माणसे नेमली, छोट्या व्यापाऱ्याने तो धंदा सोडला. आणि युरोपातून ब्रिटनमध्ये येणाऱ्या मालाची तशी तपासणी? ती सरकारने वारंवार पुढे ढकलली आणि २०२४ साली कुठे सुरू केली. तीन वर्षे फाटक एकाच बाजूने बंद होते.

मजूर. फळे आणि भाजीपाला तोडायला पूर्व युरोपातून मजूर येत. ती वाट बंद झाली. मग सरकारने हंगामी परवाने काढले. २०१९ साली सुरुवात अडीच हजारांनी झाली, २०२३ पर्यंत मर्यादा ४५ हजारांवर न्यावी लागली. हंगामाला किती हात मिळणार हे आता दरसाल एक सरकारी खाते ठरवते.

अनुदान. युरोपच्या धोरणात ब्रिटनच्या शेतकऱ्याला हेक्टरी रक्कम मिळे, एकूण वर्षाला सुमारे ३०० कोटी पौंड. ही पद्धत काही फार न्यायाची नव्हती. ज्याची जमीन जास्त, त्याला पैसा जास्त. ती मोडायला हवी होती, हे दोन्ही बाजूंचे अनेक जाणकार मान्य करत. इंग्लंडमध्ये २०२१ पासून ती रक्कम उतरवत नेली आणि २०२७ ला ती संपायची आहे. तिच्या जागी माती, पाणी, कुंपणाची झाडे राखण्यासाठी पैसे देणाऱ्या योजना आणल्या. पण ११ मार्च २०२५ रोजी त्यातल्या मुख्य योजनेचे नवे अर्ज सरकारने एका दिवसात, पूर्वसूचना न देता बंद केले. कारण दिले की ठरवलेला पैसा वाटून झाला.

परका माल. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडशी केलेले नवे करार ३१ मे २०२३ पासून लागू झाले. ऑस्ट्रेलियाच्या करारातून देशाचे उत्पन्न २०३५ पर्यंत ०.०८ टक्के वाढेल, असा खुद्द ब्रिटन सरकारचा अंदाज होता. त्याच अहवालात लिहिले होते की शेती, वनीकरण आणि मासेमारीला मिळून वर्षाला ९ कोटी ४० लाख पौंडांचा तोटा होईल. पुढे काय घडावे? २०१६ मध्ये मदतीची ग्वाही देणारे तेच जॉर्ज युस्टिस मंत्रिपद गेल्यावर नोव्हेंबर २०२२ मध्ये पार्लमेंटात उभे राहिले आणि म्हणाले की हा करार ब्रिटनसाठी फारसा चांगला नाही, देताना फार दिले आणि घेताना थोडे घेतले. खुर्चीवर असताना हे बोलता आले नाही. अशी माणसे आपल्याकडेही पुष्कळ आहेत.

भांडण मिटत का नाही?

नवे वाण पेरताना शहाणा शेतकरी शेजारी दोन ओळी जुन्या वाणाच्या ठेवतो. पाऊस तोच, जमीन तीच, खत तेच. मग उतारा कोणाचा जास्त हे लपत नाही. देशाला अशा दोन ओळी ठेवता येत नाहीत. बाहेर न पडलेला ब्रिटन कुठे उभा नाही की त्याचे पीक मोजून पाहावे. त्यात २०२० मध्ये कोरोना आला, २०२२ मध्ये युक्रेनचे युद्ध पेटले, खत आणि वीज महागली. म्हणून एक बाजू म्हणते, तोटा युरोप सोडल्याचा. दुसरी म्हणते, छे, तो साथीचा आणि युद्धाचा. पाहा, युरोपात राहिलेली जर्मनीसुद्धा रखडली आहे.

तरी निकालाच्या जवळ जाता येते. सरकारचा अंदाज तपासणाऱ्या तिथल्या स्वतंत्र कार्यालयाचे मत असे की राहिलो असतो त्यापेक्षा देशाची उत्पादकता दूरच्या पल्ल्यात ४ टक्के कमी राहील. मे २०२५ मध्ये ब्रिटनच्या सरकारने युरोपशी पुन्हा बोलणी केली आणि अन्नाच्या तपासण्या कमी करण्यासाठी युरोपचे नियम पाळायची तयारी दाखवली. ते नियम ठरवताना मत देण्याचा जो हक्क त्याला आधी होता, तो आता नाही. आमच्या मते एकूण देशाच्या हिशेबात तोटा सांगणारेच अधिक खरे ठरले. पण तो तोटा किती टक्के, यापेक्षा मोठी गोष्ट वेगळीच आहे. ब्रुसेल्सच्या हातातला अधिकार काढून तो शेतकऱ्याच्या हाती देऊ, असे सांगितले गेले. अधिकार निघाला खरा, पण लंडनपर्यंत येऊन थांबला. शिवारात पोचला नाही.

आपल्या कापसाचा संबंध

हे फार लांबचे वाटत असेल तर कापसाकडे पाहा. १८६० च्या दशकात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, तेव्हा वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. युद्ध संपले, भाव कोसळला. आज ब्रिटन युरोपाबाहेर आहे म्हणूनच २४ जुलै २०२५ रोजी त्याने भारताशी वेगळा व्यापार करार केला. भारतीय कपड्यावरची जकात त्यात उठवायची ठरली. बांगलादेशचा कपडा तिथे आधीपासून बिनजकातीचा जात होता. आता आपल्या कपड्यालाही ती वाट मोकळी होईल. चांगले आहे, आम्ही त्याचे स्वागत करतो.

पण कपडा विकला गेला म्हणजे कापसाला भाव आला, असे नाही. करारावर सही होऊन महिनाही लोटला नव्हता, तोच १९ ऑगस्ट २०२५ पासून आपल्या सरकारने परदेशी कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क उठवले. आधी मुदत ३० सप्टेंबरची होती, ती ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली. म्हणजे आपला कापूस बाजारात उतरण्याचा नेमका हंगाम. त्या हंगामात गिरणीला एक दार उघडे झाले आणि दुसरे उघडायचे ठरले: कापूस बिनजकातीचा आत, कपडा बिनजकातीचा बाहेर. आम्ही खुल्या बाजाराला भीत नाही. पण भाव चढला की दार उघडायचे आणि पडला की शेतकऱ्याला नशिबावर सोडायचे, याला खुला बाजार म्हणत नाहीत.

वाटणीआधी विचारायचे प्रश्न

वेगळ्या विदर्भाचा विषय निघाला की आपल्या बैठकीतही हाच तंटा होतो. एक म्हणतो, राज्य तोट्यात जाईल. दुसरा म्हणतो, एकत्र राहूनच तोटा झाला. १९५३ च्या नागपूर कराराने लोकसंख्येच्या प्रमाणात वाटा देण्याचा शब्द दिला होता. १९८४ मध्ये दांडेकर समितीने अनुशेष मोजून दाखवला. तेव्हा एकत्र राहणाऱ्याने दिलेला शब्दही हवेत विरतो, आणि वेगळे होणाऱ्याने दिलेलाही. आज इथे त्या वादाचा निकाल द्यायचा नाही. पण ज्या कोणत्या बाजूचा पुढारी गावात येईल, त्याला चार गोष्टी विचारल्याशिवाय हार घालू नका.

पहिली: माझा माल आज ज्या बाजारात जातो, तिथली वाट उद्या मोकळी राहील काय, आणि वाटेत किती नाकी लागतील? दुसरी: तुमच्या आकड्यातला फायदा कोणाच्या घरात जाईल? सगळ्यांची सरासरी सांगू नका, पाच एकर कोरडवाहूवाल्याचे सांगा. तिसरी: शहराला तुम्ही काय कबूल केले आहे? तिथे स्वस्ताईचा आणि इथे भावाचा शब्द दिला असेल, तर त्यातला मोडणार कोणता? चौथी: दिलेला शब्द मोडला, तर दाद कुठे मागायची?

राज्य मोठे असो की छोटे, संघात असो की संघाबाहेर, बी, बाजार आणि भाव यांवरचा अधिकार शेतकऱ्याच्या हाती येत नसेल, तर वाटणीचा कागद नुसता रंगवलेला आहे. ब्रिटनच्या शेतकऱ्याने सही आधी केली आणि विहिरीची चौकशी मागाहून. आपण जिल्ह्याच्या बैठकीत विहिरीपासूनच सुरुवात करू.